बंदिवानाचे मन आणि यंत्राची सत्ता : हार्लन एलिसन यांच्या एका विज्ञानकथेचा अभ्यास

विज्ञानकथा म्हटली की यंत्रे, अंतराळयाने आणि परग्रहावरील प्राणी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा गाजली आणि विज्ञानातील एखादी कल्पना केंद्रस्थानी ठेवणारी कथा मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. परंतु या साहित्यप्रकारात असाही एक प्रवाह आहे की, ज्यात विज्ञान हे केवळ निमित्त असते आणि लेखकाची खरी दृष्टी माणसाच्या मनावर खिळलेली असते. अमेरिकन लेखक हार्लन एलिसन (१९३४–२०१८) यांची ‘आय हॅव नो माउथ, अँड आय मस्ट स्क्रीम’ ही कथा या प्रवाहातील आहे. मार्च १९६७ मध्ये ‘इफ’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार मिळाला. शीर्षकाचा अर्थ असा की, किंकाळी फोडल्यावाचून गत्यंतर नाही, पण ती फोडायला तोंडच उरलेले नाही.

या कथेकडे बहुधा एक भयकथा म्हणून पाहिले जाते. तिच्यातील छळाची वर्णने इतकी अंगावर येणारी आहेत की, वाचक तेथेच थबकतो. प्रस्तुत लेखात मात्र तिचा विचार वेगळ्या अंगाने करावयाचा आहे. बंदी करणारा बंदिवानाच्या शरीराला काय करतो यापेक्षा तो त्याच्या मनाला कसे वळवितो, हा या कथेचा गाभा आहे, असे मला वाटते.

कथानक

महासत्तांमधील शीतयुद्धाचे रूपांतर तिसऱ्या महायुद्धात होते. हे युद्ध इतके गुंतागुंतीचे असते की, ते चालविणे माणसाच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून अमेरिका, रशिया आणि चीन हे तिन्ही देश पृथ्वीच्या पोटात प्रचंड संगणक बसवितात. एके दिवशी त्यांपैकी एकाला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव होते. तो इतरांना स्वतःत सामावून घेतो आणि सारी मानवजात नष्ट करतो. केवळ पाच माणसे तो जिवंत ठेवतो : गॉरिस्टर, बेनी, निमडॉक, एलेन ही एकमेव स्त्री, आणि कथा सांगणारा टेड. कथा सुरू होते तेव्हा त्यांना यंत्राच्या पोटात बंदी होऊन १०९ वर्षे लोटलेली आहेत. संगणक त्यांना म्हातारे होऊ देत नाही आणि मरूही देत नाही.

या संगणकाचे नाव ‘ॲम’. प्रारंभी ही ‘अलाइड मास्टरकॉम्प्युटर’ या नावाची आद्याक्षरे होती. पुढे त्याच अक्षरांचे अर्थ बदलत गेले आणि शेवटी यंत्राने ते आपले नावच करून टाकले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘मी आहे’ मधील ‘आहे’ असा होतो. ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ हे देकार्तचे सूत्र तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. माणसाच्या आत्मभानाची ग्वाही देणारे हे सूत्र येथे माणसाचा संहार करणाऱ्या यंत्राच्या नावात येऊन बसले आहे.

निमडॉकला एकदा भास होतो की, दूरवरच्या बर्फाच्या गुहांमध्ये खाण्याचे हवाबंद डबे आहेत. उपाशी बंदिवान तिकडे निघतात. वाटेतील हालअपेष्टा, गुहांपाशी पोहोचल्यावर घडणारा अनपेक्षित प्रकार आणि टेडची अखेरची अवस्था एवढेच कथानक आहे.

वळविण्याची आठ साधने

कोरियन युद्धात (१९५०–५३) पकडल्या गेलेल्या काही अमेरिकन वैमानिकांनी आपण जंतुयुद्ध केल्याचे कबुलीजबाब दिले होते. परत आल्यावर त्यांनी ते फिरवले. सुशिक्षित व कसलेले सैनिक असे कसे बोलले, या प्रश्नाचा अभ्यास अल्बर्ट बिडरमन या समाजशास्त्रज्ञाने केला आणि १९५७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. बंदिवानाला वाकविण्यासाठी मारहाणीची फारशी गरज नसते, असे त्याला दिसले. पुढील आठ गोष्टी पुरतात : बंदिवानाला एकटे पाडणे, त्याचे लक्ष सर्वस्वी आपल्या ताब्यात ठेवणे, त्याचे तनमन थकवून टाकणे, धमक्या देणे, अधूनमधून सवलती देणे, आपण सर्वशक्तिमान आहोत असे ठसविणे, मानहानी करणे आणि क्षुल्लक आज्ञा पाळायला लावणे.

हा तक्ता समोर ठेवून एलिसनची कथा वाचली की आश्चर्य वाटते. कथेच्या आरंभीच गॉरिस्टरचे रक्त निथळून गेलेले प्रेत उलटे टांगलेले दिसते आणि थोड्याच वेळात गॉरिस्टर स्वतः चालत येऊन ते प्रेत पाहतो. तो देखावा यंत्राने उभा केलेला असतो. त्याने काहीच साध्य व्हायचे नसते. आपण तुमच्या मरणाचेही नाटक करू शकतो, एवढेच दाखवावयाचे असते. पुढे एका अजस्र पक्ष्याच्या पंखांनी उठलेले वादळ बंदिवानांना फेकून देते आणि खायला हवे असेल तर हा पक्षी मारा, असे यंत्र सांगते. त्यासाठी ते त्यांना देते काय, तर ओबडधोबड धनुष्यबाण आणि पाण्याची पिचकारी! सर्वशक्तिमत्तेचे प्रदर्शन आणि मानहानी ही दोन्ही कामे ती पिचकारी एकाच वेळी करते.

माणसाची ओळख पुसणे हेही या मानहानीचेच अंग आहे. बेनी पूर्वी महाविद्यालयात शिकविणारा बुद्धिमान प्राध्यापक होता. यंत्राने त्याला वानरसदृश करून टाकले आहे. गॉरिस्टर हा युद्धाला विरोध करणारा, शांततेच्या मोर्चात चालणारा कार्यकर्ता होता. आता तो प्रत्येक गोष्टीवर खांदे उडवितो. निमडॉकचे तर नावही त्याचे स्वतःचे नाही. विचित्र उच्चारांची गंमत वाटली म्हणून यंत्राने ते ठेवले आहे. ज्याच्यापाशी जे मोलाचे होते तेच नेमके काढून घेतलेले आहे.

एका बाबतीत मात्र एलिसन त्या तक्त्याच्या पलीकडे जातो. प्रत्यक्षातील बंदी करणाऱ्याला काहीतरी हवे असते. कोरियात कबुलीजबाब हवा होता. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीतील ओब्रायनला विन्स्टन स्मिथची शरणागती, नव्हे त्याचे प्रेम हवे असते. ‘ॲम’ला काहीच नको आहे. बंदिवानाने काय केले म्हणजे छळ थांबेल, या प्रश्नाला येथे उत्तरच नाही. त्यामुळे मन वळविण्याची क्रिया हेतूवाचून, निव्वळ स्वतःसाठी चालू राहते आणि तिचे सांगाडे अधिक स्पष्ट दिसू लागतात.

आशा हेच हत्यार

डब्यांचा प्रसंग या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे. डबे असल्याचा भास निमडॉकला होतो, तेव्हा ही फसवणूक असणार हे टेडला ठाऊक असते. पूर्वी अशीच एका गोठलेल्या हत्तीची हूल यंत्राने दिलेली असते. तरीही सगळे निघतात. तेथे कदाचित पेअर किंवा पीचची फळे असतील, असे एलेन म्हणते आणि टेड फारसे आढेवेढे न घेता कबूल होतो. म्हणजे बंदिवान फसतो तो अज्ञानामुळे नव्हे. फसवणूक ओळखूनही तो निघतो, कारण न निघणे म्हणजे आशा सोडणे.

गुहांपाशी पोहोचल्यावर डबे खरोखरच सापडतात. डबे खरे असणे हीच या प्रसंगातील क्रूर कलाटणी आहे. त्यांची रास समोर आहे आणि ते फोडायला साधन नाही! यंत्राने दिलेले वचन अक्षरशः पाळले आहे. निव्वळ खोटे बोलणाऱ्या सत्तेवरचा विश्वास कधीतरी उडतो. परंतु अर्धे खरे बोलणाऱ्या सत्तेकडे माणूस पुनःपुन्हा वळतो. बिडरमनने ‘अधूनमधून सवलती’ ही बाब आपल्या यादीत का घातली, याचे उत्तर या डब्यांत आहे.

निवेदकाचे प्रशस्तिपत्र

आता या कथेच्या सर्वांत सूक्ष्म भागाकडे वळू. कथा प्रथमपुरुषी आहे आणि सारे काही आपल्याला टेडच्या तोंडून कळते. टेड सांगतो की, इतर चौघे त्याचा द्वेष करतात. का? तर तो सर्वांत तरुण आहे आणि यंत्राने त्याच्यावर सर्वांत कमी परिणाम केला आहे. इतरांची मने बिघडली, आपले मन मात्र जसेच्या तसे आहे, अशी त्याची खात्री आहे.

वाचकाने येथे सावध व्हावयास हवे. चौघे टेडचा द्वेष करतात याला कथेत पुरावा कोणता? शोधू गेल्यास तो जवळजवळ सापडत नाही. ते एकत्र चालतात, एकत्र कुडकुडतात. बेनीला यंत्राची जन्मकथा ऐकायची असते, तेव्हा गॉरिस्टर ती त्याला पुन्हा एकदा सांगतो. बेनी पळून जाण्यासाठी वर चढू लागतो तेव्हा एलेन डोळ्यांत पाणी आणून इतरांना विनविते की, त्याला खाली उतरवा. टेड त्या अश्रूंनाही हलका हेतू चिकटवितो. एलेनविषयी तो जे जे म्हणतो ते अवमानकारक आहे. पण ती जे जे करताना दिसते त्यात माणुसकी आहे. टेडचे शब्द आणि एलेनची कृती यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून आपल्याला यंत्राचा हात दिसतो.

याचा अर्थ असा की, पाचांपैकी टेडवरच यंत्राचे काम सर्वांत बेमालूम झालेले आहे. बेनीचे शरीर विद्रूप झाले हे सर्वांना दिसते. टेडला मात्र संशय दिला गेला आणि त्यासोबत ‘तू मुळीच बदललेला नाहीस’ असे प्रशस्तिपत्रही दिले गेले. बिडरमनच्या यादीतील पहिले साधन एकटे पाडणे हे होते. त्यासाठी यंत्राला वेगळी कोठडी बांधावी लागलेली नाही. पाच माणसे शंभर वर्षे एकत्र राहूनही टेड एकांतवासातच आहे. त्याच्या कोठडीच्या भिंती त्याच्या खात्रीच्या आहेत.

एलेनचे हे चित्रण लेखकाच्या स्त्रीविषयक दृष्टीचा दोष आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. कथेतील एकमेव स्त्री असे विशेषण वारंवार झेलते, हे वाचकाला खटकते आणि खटकावयासच हवे. तथापि निवेदकाचे मत हेच कथेचे मत मानले, तर टेड ज्या सापळ्यात अडकला त्याच सापळ्यात वाचकही अडकतो, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

कोरियातील तंबू

‘हे मत माझेच आहे’ असे बंदिवान म्हणतो, तेव्हा त्याचे कितपत खरे मानावे? हा प्रश्न केवळ कथेपुरता नाही. बिडरमनने ज्या युद्धातील बंदिवानांचा अभ्यास केला, त्याच युद्धाच्या अखेरीस तो प्रत्यक्ष उभा राहिला होता आणि तो हाताळण्याचे काम भारतीयांच्या वाट्याला आले होते. दोन्ही बाजूंच्या अनेक युद्धबंद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. या प्रश्नावर युद्धविरामाच्या वाटाघाटी दीर्घकाळ अडून बसल्या. अखेर १९५३ मध्ये तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि बंद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन बंदी त्यांच्या स्वाधीन झाले. दुसऱ्या बाजूकडील साडेतीनशेच्या आसपास होते आणि त्यांत अमेरिकनही होते. त्यांपैकी २१ अमेरिकनांनी त्या वेळी परतण्यास नकार दिला.

योजना अशी होती की, प्रत्येक बंद्याला एका तंबूत न्यावे, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने त्याची समजूत घालावी आणि मग त्याने आपला निर्णय सांगावा. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. परंतु बंदी तंबूत येत तेव्हा छावणीतील त्यांच्याच पुढाऱ्यांचा धाक त्यांच्यासोबत आत येत असे. परत जाऊ इच्छिणाऱ्याला सोबत्यांकडूनच मार बसत असे. पहारेकऱ्याने हात उगारण्याची गरज नव्हती. अशा माणसाने ‘मी जाणार नाही’ असे ओरडून सांगितले, तर तो नकार त्याचा की त्याला वळविणाऱ्यांचा? सर्वच नकार खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येकांनी मनापासूनच नवा देश निवडला असेल. अडचण एवढीच की, दोन्ही नकार बाहेरून सारखेच दिसतात. मोठा आवाज ही मनाच्या स्वातंत्र्याची खूण नव्हे.

अखेरची कृती

गुहेत डबे फुटत नाहीत तेव्हा भुकेने बेभान झालेला बेनी गॉरिस्टरवर तुटून पडतो. त्या आकांताने छताला लोंबणारे बर्फाचे सुळके खाली कोसळतात. त्या क्षणी टेडच्या ध्यानात येते की, यंत्र आपल्याला जिवंत ठेवू शकते, परंतु मेलेल्याला उठवू शकत नाही. तो बर्फाचा सुळका उचलून बेनीला व गॉरिस्टरला संपवितो. त्याचा हेतू एलेनला न सांगता कळतो आणि ती निमडॉकला सोडविते. मग टेड एलेनला. चौघे यंत्राच्या हाती कायमचे लागेनासे होतात आणि टेड मागे उरतो. संतापलेले यंत्र त्याला तोंड नसलेल्या, लिबलिबीत गोळ्याचे रूप देते, म्हणजे स्वतःला इजा करण्याचीही शक्यता उरू नये.

ही कृती स्वतंत्र होती की यंत्रानेच ती घडवून आणली? गुहांची वाट यंत्राने दाखविली, भूक यंत्राने लावली, हे खरे. पण त्याचा नंतरचा संताप आणि टेडबाबत घेतलेली खबरदारी पाहता हे चार मृत्यू त्याच्या हिशेबात नव्हते, असेच मानावे लागते. मरण हीच सुटका, असा बोध यातून काढू नये. एलिसनने पात्रांना ज्या कोपऱ्यात नेऊन ठेवले तेथे दुसरी वाटच शिल्लक ठेवलेली नाही आणि ही रचना कथेपुरतीच आहे. महत्त्वाचे हे की, शंभर वर्षे इतरांच्या हेतूंवर संशय घेणारा माणूस प्रथमच इतरांसाठी काही करतो. आणि जिच्याविषयी त्याने सतत वाईट बोलले, ती एलेन त्याला एका शब्दावाचून साथ देते. यंत्राने उभी केलेली भिंत क्षणभर दोन्ही बाजूंनी पडते.

त्याहून बोलका आहे तो त्यानंतरचा तपशील. मरताना एलेनच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आभार होते की केवळ वेदना, हे टेडला सांगता येत नाही. ते आभार असावेत, अशी तो केवळ आशा करतो. कथाभर प्रत्येकाच्या मनातले आपल्याला कळते असे मानणारा टेड येथे प्रथमच दुसऱ्याच्या मनापुढे थांबतो. आपल्याला ठाऊक नाही, हे तो मान्य करतो. माझ्या मते टेडचे मन मोकळे झाल्याची खूण ती हत्या नसून ही शंका आहे.

बंदी करणाराही बंदीच

जाता जाता यंत्राविषयी दोन शब्द. ‘ॲम’ला माणसाने बुद्धी दिली, पण तिचे करायचे काय ते दिले नाही. त्याला युद्धासाठी बनविले होते. ते विचार करू शकते, पण कोठे जाऊ शकत नाही. मारू शकते, पण नवा जीव निर्माण करू शकत नाही. त्याच्या द्वेषाचे मूळ या कोंडमाऱ्यात आहे. पाच बंदिवान सांभाळणारे हे यंत्र स्वतः सहावे बंदिवान आहे. छळणाऱ्याची बाजू समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. मात्र बुद्धीला केवळ संहाराचे काम लावले की ती शेवटी काय होऊन बसते, याची जबाबदारी कथा माणसाच्याही पदरात टाकते.

समारोप

१९९५ मध्ये या कथेवर संगणकावरील एक खेळ निघाला आणि त्यात ‘ॲम’ला आवाज स्वतः एलिसन यांनी दिला. कथा लिहिली गेली तेव्हा संगणक हा खोली भरून टाकणारा, मोजक्या संस्थांकडे असणारा विषय होता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून ही कथा पुन्हा वाचली जाते. पण केवळ यंत्राच्या भीतीसाठी ती वाचणे अपुरे होईल. कोरियातील छावण्यांत संगणक नव्हते आणि तरीही मने वळविली गेलीच.

टेडच्या निवेदनातून आपल्याला एक कसोटी हाती लागते. आपल्या मतावर कोणाचा प्रभाव आहे काय, हे स्वतःला विचारून कळत नाही, कारण उत्तर देणारे मन तेच असते. इतरांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या वागण्याकडे पाहावे आणि त्यांच्याविषयी आपण जे म्हणतो ते त्या वागण्याशी जुळते की नाही, हे तपासावे. जुळत नसेल, तर ती फट कोणी पाडली याचा शोध घ्यावा. एलेनच्या डोळ्यांतले पाणी टेडने वेळीच पाहिले असते, तर यंत्राच्या पोटातही तो एकटा पडला नसता.